उपसरपंचाची खुर्ची

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायत कार्यालयात शिरलं की आधी नजर जाते ती सरपंचाच्या खुर्चीकडे. ती बहुधा फिरती असते, उंच पाठीची, पाठीवर धुतलेला टॉवेल. मागच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि आजवरच्या सरपंचांच्या नावांचा रंगवलेला फलक. टेबलाच्या कडेला, जरा तिरपी, आणखी एक खुर्ची असते. तिला चाकं नसतात. टॉवेल असला तर असतो. जडवस्तूंच्या नोंदवहीत तिची निराळी ओळ नाही. ‘खुर्च्या, नग इतके’ यात ती मोजून टाकलेली असते. बाहेरगावचा माणूस चुकून तिच्यावर बसला की शिपाई हळूच म्हणतो, “साहेब, ती उपसरपंचांची हाय. तुम्ही इकडं बसा.” म्हणजे नोंद कुठे नसली, तरी ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ही खुर्ची बोलते कमी, ऐकते जास्त. सरपंचासमोर लोक अर्ज घेऊन उभे राहतात. हिच्यापाशी ओणवे होऊन कानात बोलतात. “तात्या, तेवढं घरकुलाच्या यादीचं बघा.” “भाऊ, विहिरीची फाइल कुठं अडकली ते तुम्हीच इचारा, आमचं अन् त्यांचं जमत नाही.” सरपंचाशी ज्यांचं बिनसलंय ते हिच्याकडे येतात, आणि ज्यांचं चांगलं चाललंय तेसुद्धा अंदाज घ्यायला आधी इथेच टेकतात. सही हिच्या हातात नाही. बँकेच्या खात्यावर सह्या लागतात सरपंचाच्या आणि ग्रामसेवकाच्या. हिच्याकडे आहे तो शब्द टाकण्याचा अधिकार, आणि गावात शब्दाचं वजन सहीपेक्षा फार हलकं नसतं.

कायद्याने मात्र तिला स्पष्ट जागा दिली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात उपसरपंचाची निवड कशी व्हावी, त्याने राजीनामा कुणाकडे द्यावा, त्याच्यावर अविश्वास कसा आणावा, हे सगळं कलमवार लिहिलेलं आहे. सरपंच हजर नसेल तर सभेचं अध्यक्षस्थान त्याचं. सरपंचाने सोपवलेलं काम त्याचं. सरपंचपद रिकामं झालं तर नवा सरपंच येईपर्यंत कारभार त्याचा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मुंबईतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदाला एवढाही आधार नाही. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. तेव्हापासून कितीतरी नावं त्या पदावर येऊन गेली. पण संविधानात उपमुख्यमंत्री हा शब्द नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पद घटनेच्या विरोधात जात नाही असं सांगितलं, पण तेही एवढ्याच आधारावर की उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच असतो. राज्याचा दुसरा माणूस नेमला जातो आणि गावाचा दुसरा माणूस निवडून येतो. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात गव्हर्नरच्या खालोखालचा लेफ्टनंट गव्हर्नर लोक वेगळ्या मताने निवडतात, आणि तो तिथल्या सिनेटचं अध्यक्षपद सांभाळतो. दुसऱ्या खुर्चीसाठी स्वतंत्र निवडणूक असावी ही कल्पना आपल्याकडे राज्याच्या पातळीवर रुजली नाही. ती रुजली गावात, आणि त्यातही थेट लोकांच्या मताने नव्हे, तर लोकांनी निवडलेल्या सदस्यांच्या मताने.

आमच्या भागात ही खुर्ची तशी उशिराच आली. जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावाचा कारभार तेव्हा वतनात चाले. महसुलाला माली पाटील, बंदोबस्ताला पोलीस पाटील, दप्तराला कुलकर्णी. म्हणजे गावात एकाहून अधिक मानाच्या जागा होत्याच, पण त्या जन्माने मिळत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ चा कायदा १ जून १९५९ पासून लागू झाला, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या गावाला जो नियम तोच आमच्या गावाला लागू झाला. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीचे तुकडे जोडून जालना जिल्हा झाला. वतनाचा कागद कुणाच्या पेटीत अजूनही असेल. या खुर्चीला तसा कागद चालत नाही. तिच्यावर बसायचं तर दर पाच वर्षांनी कुणाला तरी हात वर करावा लागतो.

तो हात वर होण्याचा दिवस पाहण्यासारखा असतो. ग्रामपंचायतीचा निकाल लागून गुलाल धुतला गेलेला असतो. सरपंच ठरलेला असतो. बाहेरच्याला वाटतं, आता काय उरलं? गावाला ठाऊक असतं की अजून निम्मं उरलंय. निकालाच्या रात्रीच सदस्यांची मोजणी सुरू होते. आपले किती, त्यांचे किती, कुंपणावर कोण. मग एके पहाटे दोन जीपगाड्या निघतात. कुणी तुळजापूरला नेलं म्हणतात, कुणी शिर्डीला. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि लगेच आठवड्याने, १८ डिसेंबरला, राज्यातल्या सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचं मतदान होतं. जिल्ह्यातून गेलेल्या त्या नव्या रस्त्याने शिर्डी एकदम जवळ आली होती. सदस्यांचे फोन बंद असतात. घरच्यांना विचारलं तर “देवाला गेलेत” एवढंच उत्तर. सदस्य बाई असेल तर तिच्यासोबत नवरा, दीर, कडेवरचं लेकरू, असा सगळा संसार देवाला जातो.

सभेच्या दिवशी सकाळी अर्ज भरले जातात. अर्जावर सूचकाची सही लागते, आणि ही सही म्हणजे पहिला पुरावा. कोण कुणाकडे गेला हे मतदानाआधी इथेच फुटतं. मग छाननी, मग माघार. माघारीची वेळ संपेपर्यंत कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाणती माणसं बसलेली असतात. “पोरा, तू लहान हाय. पुढच्या वेळी तुझंच.” दहापैकी पाच-सहा ठिकाणी इथेच मिटत असावं असं मला वाटतं, आणि मग बाहेर ‘बिनविरोध’चा पुकारा होतो. मिटलं नाही तर हात वर करून मतदान. एकाही सदस्याने मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं, ही सोय नियमात आहे. ही मागणी कोण करतो ते बघावं. बहुतेकदा तो माणूस ज्याला हात कुणासाठी वर करायचा हे सांगितलेलं असतं, पण मन दुसरीकडे असतं. मागणी करताना त्याचा आवाज बारीक होतो. चिठ्ठ्या वाटल्या जातात, घडी करून डब्यात पडतात, आणि त्या दहा मिनिटांत ती साधी खुर्ची गावाचा सगळा ताण अंगावर घेऊन उभी असते.

या मतमोजणीत एक गणित दडलेलं आहे. लोकसंख्येप्रमाणे ग्रामपंचायतीत सदस्य असतात ७, ९, ११, १३, १५ किंवा १७. सगळे आकडे विषम. सगळे हजर राहिले आणि दोनच उमेदवार असले, तर बरोबरी व्हायची नाही. जुलै २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय झाला. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि २०२० मध्ये तो फिरवला गेला. १५ जानेवारी २०२१ च्या निवडणुकीनंतर सरपंच आणि उपसरपंच दोघंही सदस्यांनीच निवडले. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि थेट सरपंच परत आला. थेट आलेला सरपंच सदस्यांच्या संख्येत वरून मिळतो. सातचे आठ होतात, नऊचे दहा. विषमाचं सम झालं. आता चार-चार पडू शकतात, आणि पडली तर निर्णायक मत सरपंचाचं. म्हणजे सात सदस्यांच्या पंचायतीत ज्याच्या बाजूला अवघे तीन सदस्य आहेत असा सरपंचही स्वतःचं मत धरून चार करतो आणि बरोबरीत निर्णायक मत टाकून आपला उपसरपंच बसवतो. दोनच सदस्य असले तर मात्र समोरच्या पॅनेलचा माणूस येऊन शेजारी बसतो, आणि मग पाच वर्षं एका टेबलाशी दोन पॅनेल बसतात. एकाला सगळ्या गावाने निवडलंय, दुसऱ्यामागे सभागृहातलं बहुमत आहे. दोघांचंही म्हणणं खरं असतं, आणि गटारीचा ठराव दोन-दोन महिने लटकतो.

निवडीविरुद्ध तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय आयुक्तांकडे. जालन्याहून संभाजीनगरला जाणाऱ्या बसमध्ये फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला माणूस दिसला, तर तो एका मताच्या मागे निघालेला असू शकतो.

पण या खुर्चीची खरी ओळख मला या आकड्यांत सापडली नाही. ती सापडली तिच्यावर जे नाही त्यात. तिच्यावर आरक्षण नाही. संविधानाची ७३ वी दुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग यांच्या जागा ठरल्या. सदस्यांना आरक्षण, सरपंचाला आरक्षण. तहसीलच्या सभागृहात सोडत निघते, एखादं लहान पोर बरणीतून चिठ्ठी काढतं, आणि गावचं सरपंचपद कुणासाठी ते ठरतं. उपसरपंचपदाची चिठ्ठी त्या बरणीत नसते. एवढी एकच मानाची जागा पंचायतीत उरली जिथे कायद्याने गावाचा हात धरलेला नाही.

त्यामुळे सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी निघालं की त्याच संध्याकाळी गावातली जुनी घराणी उपसरपंचपदाकडे वळतात. ज्याने सरपंच व्हायचं म्हणून दोन वर्षं लग्नं-मयती चुकवल्या नाहीत, तो या खुर्चीवर येऊन बसतो. आणि मग कारभार कुठून चालतो हे सांगायला नको. टॉवेलाच्या खुर्चीवर ताई बसलेल्या असतात, कागद त्यांच्यापुढे येतो, पण कागद आणणारा आधी तिरप्या खुर्चीकडे बघतो. तिकडून मान हलली की ताईंची सही होते. किती गावांत मी हे पाहिलंय! याचा मला राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही. त्या ताईला निवडून यायला तिच्या आईची, आजीची पिढी खर्ची पडली आहे. वेशीबाहेरच्या वस्तीतून पंचायतीच्या पायरीपर्यंत यायला त्या घराला सगळी वतनदारी ओलांडावी लागली. आणि पायरी चढल्यावर शेजारच्या खुर्चीने तिची जागा आकसून टाकावी?

याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ च्या १ सप्टेंबरला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आरक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रभर पेटला. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधल्या जाऊ लागल्या, जुनी दप्तरं उघडली गेली. कुणबी दाखल्याने नोकरी मिळते, शिक्षण मिळतं, तशी पंचायतीची जागाही मिळते, हे गावात सगळ्यांना कळतं. त्या दिवसांत पारावर बोलणी ऐकली की जाणवायचं, गावातली प्रत्येक खुर्ची आता कुणाची ना कुणाची म्हणून मोजली जातेय. ही एकच मोजणीबाहेर राहिली. तिच्यावर मराठा बसू शकतो, माळी बसू शकतो, धनगर, वंजारी, मुसलमान, मातंग, बौद्ध, कुणीही. कायद्याने अडवलेलं नाही आणि कायद्याने बसवलेलंही नाही. म्हणून सरपंचाच्या खुर्चीकडे पाहिलं की कायद्याने काय घडवलं ते दिसतं, आणि हिच्याकडे पाहिलं की गाव आपणहून कुठवर आलंय ते दिसतं. ज्या गावाने कुणी भाग पाडलेलं नसताना हिच्यावर बाई बसवली, वेशीबाहेरच्या वस्तीतला पोरगा बसवला, त्या गावाबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. अशी गावं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

या खुर्चीवर एक अन्याय होतो, तो वाटणीचा. कायद्याने उपसरपंचाची मुदत पंचायतीइतकीच, पाच वर्षांची. पण पॅनेल जुळवताना शब्द दिलेले असतात. एकाला अडीच वर्षं, दुसऱ्याला अडीच; इच्छुक चार असले तर प्रत्येकी सव्वा वर्ष. हा करार स्टॅम्पवर लिहिला जातो, कधी मारुतीच्या देवळात बेलभंडारा उचलून पक्का होतो. त्याला कायद्यात किंमत नाही आणि गावात मात्र फार. सव्वा वर्ष भरलं की पहिल्याने सरपंचाकडे राजीनामा द्यायचा. काही देतात. काहींना खुर्ची सोडवत नाही. मग सदस्य तहसीलदारांना अविश्वासाची नोटीस देतात, तहसीलदार सभा बोलावतात, पुरेसे हात वर झाले तर खुर्ची मोकळी. पुन्हा अर्ज, पुन्हा जीपगाड्या, पुन्हा गुलाल. देवापुढे दिलेला शब्द मोडला म्हणून दोन भावक्यांमधलं जाणं-येणं तुटतं, एका घरच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्या घरी जात नाही.

आणि सव्वा वर्षात माणूस करणार काय? पहिला उन्हाळा शिकण्यात जातो. आमच्याकडे पाणी हा पंचायतीचा पहिला विषय आणि शेवटचाही. २०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी सरपणासाठी झाडं तोडली. अशा दिवसांत सरपंच तहसीलला आणि जिल्हा परिषदेला खेटे घालत असतो, आणि गावात विहीर अधिग्रहणाला कुणाला राजी करायचं, टँकर कुठल्या गल्लीत आधी रिकामा करायचा, मोटार जळली तर रात्रीत मेकॅनिक कुठून आणायचा, हे सगळं या खुर्चीवरच्या माणसाच्या गळ्यात पडतं. चांगला उपसरपंच कागदावर ओळखू येत नाही. तो पाण्याच्या टाकीच्या वाल्वपाशी ओळखू येतो, पहाटे पाचला. जालना तालुक्यातल्या कडवंचीचं नाव राज्यात गाजलं ते द्राक्षांनी आणि शेततळ्यांनी. पण त्या द्राक्षांखाली पाणलोटाचं काम आहे, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने १९९६ पासून वर्षानुवर्षं चाललेलं. बांध घालायचे, नाले अडवायचे, चराईबंदी पाळायची, शेजाऱ्याचं पाणी आपल्या रानात जिरू द्यायचं. सव्वा-सव्वा वर्षाने माणसं बदलत राहिली तर पाण्याचं काम उभं राहत नाही. खुर्चीची वाटणी करताना हा विचार बैठकीत कुणी मांडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि तो मांडायला हवा असं मला कळकळीने वाटतं.

मानधनाचं थोडक्यात सांगतो. बरीच वर्षं या खुर्चीला काहीच नव्हतं. २०१९ मध्ये मानधन सुरू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात आता महिन्याला २००० रुपये, आठ हजारांपर्यंत ३०००, त्यावर ४०००. सरपंचाचं याच पायऱ्यांनी ६०००, ८००० आणि १०,०००. एवढ्या पैशासाठी कुणी जीपगाड्या करत नाही, हे उघड आहे. या खुर्चीची ओढ मानाची, आणि कधीकधी वाट पाहण्याची.

कारण वाट पाहणं हा तिचा एक मोठा गुण आहे. सरपंचाची खुर्ची दिसते तेवढी घट्ट नसते. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, पद गेलं. सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं, पद गेलं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं सिद्ध झालं, पद गेलं. गावात कुणाच्या अंगणाची भिंत गायरानात किती फूट गेलीय, कुणाच्या घरी कितवा पाळणा हलला, हे सगळं कुणीतरी लक्षात ठेवलेलं असतं. तक्रार होते, जिल्हाधिकारी सुनावणी घेतात, निकाल येतो, आणि त्या दिवशी उपसरपंच प्रभारी सरपंच होतो. टेबलाच्या कडेची खुर्ची जागची हलत नाही. बसणारा उठून दोन पावलं चालतो. २००० सालच्या डिसेंबरात टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले तेव्हा तिथले लेफ्टनंट गव्हर्नर रिक पेरी असेच गव्हर्नर झाले आणि पुढे चौदा वर्षं राहिले. आमच्या प्रभारीला एवढा काळ मिळत नाही, पण मिळालेल्या सहा महिन्यांत काहींनी जे केलं ते पाच वर्षांत झालं नव्हतं. स्मशानभूमीचा रस्ता झाला, अंगणवाडीवर पत्रे पडले. उलट उदाहरणंही आहेत: प्रभारी म्हणून मिळालेले दिवस फक्त जुने हिशोब चुकते करण्यात गेले. खुर्ची तीच असते, तिच्यावरून उठणारा माणूस कोणता आहे यावर सगळं.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावची १ मेची ग्रामसभा मला सांगायची आहे. सरपंच दवाखान्यात होते, जालन्याला. उपसरपंच होत्या एक काकू, पन्नाशीच्या, चार एकरांच्या कोरडवाहू शेतकरी. सरपंचपद त्या वेळी खुलं होतं आणि त्यांची निवड कुठल्याही सोडतीने झालेली नव्हती. अकरापैकी सहांनी हात वर केले होते, त्यांतले दोन त्यांच्या विरुद्ध पॅनेलचे. मारुतीच्या देवळापुढे मांडव टाकलेला. शिपायाने कार्यालयातून दोन्ही खुर्च्या आणून ठेवल्या, आणि ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते म्हणाले, “काकू, आज मोठ्या खुर्चीवर बसा. अध्यक्ष तुम्हीच.”

“राहू द्या, ती सरपंचांची हाय,” काकू म्हणाल्या, “मपली हीच पुढं घ्या.” आणि शिपायाची वाट न बघता स्वतःच ती उचलून त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. मग खालच्या वस्तीतली एक तरणी बाई उभी राहिली. बोलू की नको करत तिने विचारलं, “टँकर आमच्याकडं नेहमी शेवटीच काहून येतो? तळाचं गढूळ पाणी आमच्याच हंड्यात काहून?”

मांडवात चुळबुळ झाली. एक म्हातारे मागून म्हणाले, “अगं, रस्ताच तसा हाय, वरून खाली येतो टँकर.”

“रस्ता दोन्हीकडून हाय, आबा,” काकू म्हणाल्या. “शाळेकडून वळला तर वस्ती आधी लागते.” त्यांनी खेपांची वही मागवली, पंधरा दिवसांच्या नोंदी मोठ्याने वाचल्या. वस्तीचं नाव प्रत्येक ओळीत शेवटी होतं. “भाऊसाहेब, ठराव लिहा. उद्यापासून पहिली खेप खालच्या वस्तीत, शाळेच्या रस्त्याने. आठवड्याला क्रम बदलायचा, म्हणजे कुणीच कायम शेवटी राहणार नाही.”

“काकू, वरच्या गल्लीतले ओरडतील,” पहिल्या रांगेतला एक सदस्य म्हणाला. तो त्यांच्याच पॅनेलचा होता.

“ओरडू द्या. मी बी वरच्याच गल्लीतली हाय. सूचक कोण होतंय?”

त्या तरण्या बाईने हात वर केला, मग विचारलं, “मी चालते का? मी मेंबर नाही.”

“ग्रामसभा हाय, मतदार यादीत नाव असलं म्हणजे झालं,” भाऊसाहेबांनी सांगितलं आणि तिचं नाव विचारून लिहून घेतलं. अनुमोदक म्हणून ते मागचे आबाच उभे राहिले. ठरावाला क्रमांक पडला, काकूंनी वहीवर अध्यक्ष म्हणून सही केली, आणि लगेच शाळेमागच्या बंद पडलेल्या हातपंपाचा विषय निघाला.